पितृपंधरवड्यातलं गिऱ्हाईक

“सापडला!” असं ओरडत आमचे हे स्वयंपाकघरात शिरले, ते भिंतीवरचं कॅलेंडर खिळ्यासकट उपटून घेऊनच. खिळ्याबरोबर भिंतीचा चुनाही आला आणि तो माझ्या कणकेच्या परातीत सांडला.

“काय सापडलं? अक्कल?” मी विचारलं.

“ऑफ तास!”

हे म्हणजे अमृतकर सर. नाशकातल्या एका शाळेत एकतीस वर्षं भूगोल शिकवला, आणि त्यांच्या मते त्याहून मोठं कर्तृत्व म्हणजे एकतीस वर्षं शाळेचं वेळापत्रक लावलं. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली तरी खोड गेली नव्हती. गाद्या उन्हात कधी घालायच्या, माठ कधी धुवायचा, सगळ्याचे तक्ते. त्या वर्षी तक्त्याला नवा विषय मिळाला होता, घर कधी विकायचं.

घर विकायचं हे मात्र माझं खूळ. ते घेतलं तेव्हा मागे पेरूची बाग होती. चार वर्षांत पेरू गेले आणि मंगल कार्यालय आलं. त्याचं जेवणघर बरोब्बर आमच्या झोपायच्या खोलीच्या खिडकीखाली. सकाळी सातला सनई, नऊला बँड, साडेबाराच्या मुहूर्ताला माइकवर मंगलाष्टकं, मग पंगतीत उखाणे, तेही माइकवर, आणि ते संपले की ‘पांढरी गाडी कोणाची आहे, कृपया काढून घ्यावी’. मला अर्धशिशी आहे. ठणका सुरू झाला की अंधार करून दोन तास झोप लागली तरच उतरतो, नाहीतर दोन-दोन दिवस ओकाऱ्या. डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दिलं होतं, दुपारची सक्त विश्रांती. ती चिठ्ठी मी कार्यालयाच्या मॅनेजरला नेऊन दाखवली. त्याने हळहळून मला बुंदीचे चार लाडू दिले.

अठरा वर्षं काढली मी तशी. हजारो लग्नं लागली माझ्या उशाशी, आणि एकाचंही जेवण मिळालं नाही.

शेवटी पाथर्डी फाट्याच्या पुढे एका वसाहतीत तळमजल्यावरचा फ्लॅट मी बघून आले. दुपारी दोन वाजता मुद्दाम गेले होते. रिकाम्या खोलीत सतरंजी मागून घेतली आणि अर्धा तास आडवी पडले. मालकीणबाईंना वाटलं असेल, डोक्यावर परिणाम झालेला दिसतो. पण मला तिथे डुलकी लागली हो! बाई म्हणाल्या, दिवाळीपर्यंत थांबतो तुमच्यासाठी, पुढे नाही. आमचं घर विकल्याशिवाय ते घेता येत नव्हतं. म्हणजे दिवाळीच्या आत आमचं जायलाच हवं होतं.

आणि ते जाता जात नव्हतं. एजंट होता बोरसे, दोन मोबाइल आणि एकही खरा शब्द नाही असला माणूस. त्याने मे महिन्यात एक कुटुंब आणलं, आजोबांपासून नातीपर्यंत. हॉल आवडला, स्वयंपाकघर आवडलं. झोपायच्या खोलीत पाऊल टाकलं आणि खालून मंगलाष्टकं सुरू झाली. त्या आजोबांनी सवयीने अक्षता घ्यायला हात पुढे केला. मग सगळ्यांनीच खिडकीतून खाली पाहिलं. सूनबाई म्हणाल्या, “कळवतो हं.” अजून कळवतायत.

तर त्या दिवशी यांनी कॅलेंडर ओट्यावर पसरलं. रंगीत पेनांनी बाराही महिने रंगवलेले होते. “विचार कोणताही महिना,” म्हणाले.

“वैशाख,” मी म्हटलं. माझी कणीक तर गेलीच होती.

“लग्नं.”

“पौष? पौषात लग्नं नसतात.”

“साड्यांचा महासेल. लाउडस्पीकरसकट. विसरलीस? ‘एकावर एक’ ऐकून तू ओकली होतीस.”

“आषाढ-श्रावण?”

“लग्नं नाहीत. पण पश्चिमेच्या भिंतीला ओल. अशी ओल दिसते की एखाद्याला वाटावं, पलीकडे विहीर आहे. गणपतीत मंडळाचा मांडव, नवरात्रात कार्यालयात गरबा. दिवाळीत खाली फराळाच्या ऑर्डरी, तळणाचा वास. तुळशीचं लग्न झालं की पुन्हा माणसांची सुरू.” यांनी विजयी मुद्रेने चष्मा कपाळावर चढवला. “आता बघ. गणपती गेले, घट बसायचे आहेत. लग्न नाही, मुंज नाही, साखरपुडा नाही. कार्यालयाला कुलूप. पाऊस ओसरलेला, भिंत सुकलेली, नळाला पाणी भरपूर. सबंध वर्षात आपलं घर पंधरा दिवस घर असतं. भाद्रपदाचा हा पंधरवडा!”

“पितरांचा,” मी म्हटलं.

“हो.”

“म्हणजे ज्या पंधरा दिवसांत माणूस नवा टॉवेलसुद्धा विकत घेत नाही, त्या पंधरा दिवसांत तुम्ही घर विकणार.”

एवढा मोठा तक्ता, एवढे रंग, आणि बावळटपणा हा असा. मी हात जोडले. तरी बोरसेला फोन गेलाच. बोरसे इतका हसला की फोनबाहेर ऐकू आलं.

“सर, पितृपक्षात गिऱ्हाईक कुठून आणू? स्मशानातून?”

“तुम्ही दाखवा तर खरं,” हे म्हणाले. “बघायला काय हरकत आहे? टोकन घटस्थापनेला देतील.”

मी मनात म्हटलं, या दोघांच्या नादी लागून दिवाळी जाणार, आणि मी याच खिडकीपाशी डोक्याला फडकं बांधून मरणार.

पण चौथ्या दिवशी बोरसेचा फोन आला. गिऱ्हाईक आहे म्हणाला, एकच आहे, पण गरजू आहे. दुपारी दोनला आणतो. आणि कार्यालयाची पाटी मोठ्या रस्त्याला आहे ना, मी मागच्या गल्लीतून आणतो.

ती आली. ज्योत्स्ना दोंदे नावाची, पस्तिशीच्या आतली, सावळी, साध्या कॉटनच्या साडीत. एका खासगी दवाखान्यात सिस्टर होती. डोळ्यांखाली ही काळी वर्तुळं. मी खुर्ची पुढे केली तर म्हणाली, “बसत नाही काकू. बसले की झोप लागते.”

“पितृपक्षात घर बघताय, घरचे काही म्हणाले नाहीत?” यांनी विचारलं. स्वतःच बोलवायचं आणि स्वतःच शंका काढायची.

“आमच्यात नाही पाळत, सर,” ती सरळ म्हणाली. “आम्ही बौद्ध. आणि खरं सांगू का, या दिवसांत घर विकणारे भाव जरा कमी ताणतात, म्हणून मी थांबले होते.”

मला हसू आलं. आमचे हे तीन महिने रंगीत पेनं झिजवत होते, आणि ही पोरगी पलीकडून तोच पंधरवडा हेरून बसली होती. हे मात्र खजील झाले.

घर बघितलं तिने. नळ सोडून पाहिले, भिंतीला हात लावून पाहिले. मग झोपायच्या खोलीत आली आणि मधोमध उभी राहिली. बाहेर पान हलत नव्हतं. खाली कार्यालयाच्या जेवणघराला कुलूप, पत्र्यावर एक मांजर पसरलेलं.

“इथे दुपारी असंच असतं?” तिने विचारलं.

“म्हणजे?” हे म्हणाले.

“शांत. मला कायमची रात्रपाळी आहे, सर. मीच मागून घेतली, तिचा भत्ता वेगळा मिळतो, त्याच्या जोरावर तर कर्ज मंजूर होतंय. आता राहते तिथे खाली पिठाची गिरणी आहे. सकाळी आठला घरी येते आणि नऊला गिरणी सुरू. सहा वर्षं झाली. आता मला दुसरं काही नको, काकू. झोपायला एक जागा पाहिजे.”

यांनी चष्मा काढला. काच पुसायला लागले. मी यांना चाळीस वर्षं ओळखते, हा माणूस खरं बोलायच्या आधी काच पुसतो.

“बाई,” हे म्हणाले, “एक सांगायचं राहिलं…”

“पाण्याचं ना?” मी म्हटलं. “मी सांगते की! पाणी चोवीस तास असतं हो. उन्हाळ्यातसुद्धा टँकर बघितला नाही या सोसायटीने.”

हे माझ्याकडे बघत राहिले. ती माझ्याकडे वळली. “आणि हे खाली काय आहे, काकू?”

“हॉल आहे. कार्यक्रम असला की उघडतात.”

“बरेच असतात का?”

“आता तूच बघ ना,” मी म्हटलं. “गेले आठ दिवस कुलूप आहे. टाचणी पडली तरी ऐकू येईल.”

यात खोटं एक अक्षर नाही. तुम्ही तपासून बघा. हॉल होता, कुलूप होतं, आणि टाचणी पडली असती तर ऐकूही आली असती. बोरसेने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याचा धंदा सोडून उगाच पोळ्या लाटत बसले.

तिने पर्समधून चेकबुक काढलं आणि टोकन तिथेच दिलं. भाद्रपद वद्य दशमीला.

ही गोष्ट मी गेली बारा वर्षं सांगत आले आहे. भिशीत सांगितली, लग्नाकार्यांत सांगितली, व्याह्यांना सांगितली. यांचं ते कॅलेंडर, तो ऑफ तास, स्मशानातून गिऱ्हाईक, सगळं साग्रसंगीत. लोक पोट धरून हसतात, हेही ओशाळं हसून पान खायला बाहेर जातात. टोकन दिलं की माझी गोष्ट संपते. त्या संध्याकाळचं मी कुणाला सांगितलेलं नाही.

त्या संध्याकाळी हे स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. “कुमुद, तिला सांगू या का?”

“काय सांगायचं?”

“कार्यालयाचं. टोकन परत देऊ. घ्यायचं तर घेईल, नाही तर नाही.”

“आणि मग?” मी विळी बाजूला सरकवली. “मग दिवाळी जाईल, तो फ्लॅट जाईल, आणि मी? मी अजून अठरा वर्षं ते उखाणे ऐकू? बाराही महिने रंगवलेत तुम्ही, बारा! भिंतीची ओल लपव, कार्यालयाचा आवाज लपव. हे सगळं कशासाठी होतं, गिऱ्हाइकाला कळावं म्हणून?”

“ते कुणीतरी येईल म्हणून होतं गं,” हे म्हणाले. “कुणीतरी. दिवसा कामावर जाणारं. ही दिवसा झोपणार आहे.”

“मलाही दिवसाच झोपायचं होतं!”

एवढ्या जोरात ओरडले मी की शेजारच्या बाई खिडकीत आल्या. माझा शब्द मोडायची धमक या माणसात कधीच नव्हती, आणि त्या दिवशी मी त्याचा पुरता फायदा घेतला. फोन करतील, चोरून सांगतील, अशी धास्ती मला महिनाभर होती. मी फोनची डायरी माझ्या उशाखाली ठेवत होते. नवरात्रात गरबा झाला, पण तो रात्रीचा, ती दवाखान्यात. बँकेचा माणूस बघून गेला, तेव्हाही कुलूप. दिवाळीच्या आधी आठ दिवस खरेदीखत झालं. कचेरीतून बाहेर पडताना ती माझ्या पाया पडली. मी तिला तोंड भरून आशीर्वाद दिला.

डिसेंबरात लाइटबिल तिच्या नावावर करायच्या अर्जावर यांची सही लागत होती. सही यांनी दिली, पण कागद पोचवायला जाईनात. “तू जा,” म्हणाले. यापूर्वी ‘तू जा’ म्हणून त्यांनी मला कधी दूधसुद्धा आणायला पाठवलं नव्हतं. मी गेले. वेळ चुकलीच, बारा वाजून गेले होते.

जिन्यातच बँड ऐकू आला. दार तिने बऱ्याच वेळाने उघडलं. डोक्याला ओला टॉवेल गुंडाळलेला, डोळे लाल. आत झोपायच्या खोलीच्या खिडकीला तिने दोन गोधड्या खिळे मारून ठोकल्या होत्या. त्यांतूनही नवरदेवाच्या मामांना स्टेजवर बोलावल्याचं स्वच्छ ऐकू येत होतं.

मी मनाची तयारी करून गेले होते. ती भांडेल, शिव्या घालेल, फसवलंत म्हणेल. उत्तरंसुद्धा घोकून ठेवली होती. मी खोटं काय बोलले ते सांग, हे पहिलं.

“बरं झालं आलात, काकू,” ती म्हणाली. “मला तुम्हालाच विचारायचं होतं. तुमचा नंबर लागत नव्हता.”

नंबर मी बदलला होता.

“काय गं?”

“परवा ड्युटीवर उभ्या उभ्या डुलकी लागली मला. सलाइन संपलेलं दिसलं नाही. पेशंटच्या मुलीने हलवून उठवलं. थोडक्यात निभावलं.” तिने टॉवेल सोडून पुन्हा बांधला. “तुम्ही एवढी वर्षं राहिलात इथे. तुम्हाला सवय झाली असेल ना याची? किती दिवसांत होते?”

तिच्या तोंडावर टोमणा नव्हता. मी नीट निरखून पाहिलं, तो असता तर मला बरं वाटलं असतं. तिला खरंच वाटत होतं की यातून मार्ग आहे, आणि तो मला माहीत आहे. खाली मंगलाष्टकं सुरू झाली. अठरा वर्षांत एक दिवससुद्धा सवय झाली नव्हती मला.

“होते गं,” मी म्हटलं. “दोन-तीन महिने जातात.”

“हो ना?” ती म्हणाली. “मग काढते मी.” तिने कागद घेतला, आत जाऊन चहा ठेवते म्हणाली. मी म्हटलं, बस आहे माझी.

त्यानंतर मी त्या रस्त्याने गेले नाही. दीड-दोन वर्षांनी भाजीबाजारात बोरसे भेटला. आता तीन मोबाइल होते.

“काकू, तुमचं जुनं घर परवा विकलं की मी! त्या सिस्टर बाईंनी काढलं होतं.” तो एवढा वैतागलेला होता की भाजीवालीनेही कान टवकारले. “पण असलं गिऱ्हाईक वैऱ्याला मिळू नये. मी म्हटलं, मॅडम, सरांसारखं करा, पितृपक्षात काढा, बिनबोभाट जाईल. ऐकेल तर शपथ! भर मे महिन्यात दाखवायची. तेही साडेबाराला, मुहूर्त गाठून. खिडक्या सताड उघड्या टाकायची आणि गिऱ्हाइकाला खुर्ची देऊन म्हणायची, दहा मिनिटं बसा, ऐका, मग बोलू. सात जणं उठून गेली! आठव्याने घेतलं, तेही केवढं पाडून. वेडी आहे का हो बाई?”

“वेडीच,” मी म्हटलं, आणि मेथीची जुडी उचलली.

“कुठे गेली राहायला?” असं अगदी माझ्या ओठांवर आलं होतं. विचारलं नाही. बोरसेने सांगितलं असतं तर मग जावं लागलं असतं.

घरी येऊन यांना सांगितलं. नाही सांगितलं तरी चाललं असतं, पण बोलायला दुसरं कुणी नव्हतं. यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“खिडक्या उघडून?” एवढंच विचारलं.

“हो.”

“साडेबाराला?”

“हो म्हटलं ना!”

हे उठले, गॅलरीत जाऊन उभे राहिले. पाठमोरे. मी हाका मारल्या तरी जेवायला आले नाहीत. मी जेवून घेतलं, भांडी विसळली, ओटा पुसला. म्हटलं, झुरताहेत तर झुरू देत, त्या दिवशी तोंड उघडायला कुणी हात धरला होता? माझाच हात होता तो, हे मला माहीत होतं, आणि त्यांनाही.

मग मी आमच्या खोलीत गेले. पाथर्डी फाट्याच्या पुढची ती खोली, तळमजला, दुपारी चिटपाखरू नाही. पडदा ओढला, आडवी झाले. तुम्ही म्हणाल, बाईची झोप उडाली असेल. उडायला हवी होती. मी वाटसुद्धा पाहिली थोडी. पण पाच मिनिटांत डोळा लागला, आणि असा गाढ लागला की संध्याकाळी यांनी चहा करून, कप उशाशी ठेवून, खांद्याला हलवून उठवलं, तेव्हा कुठे मला जाग आली.